मोजल्याने घटणारा कळप

मेंढ्या मोजण्यात माझा हात धरणारा अख्ख्या बिश्केकमध्ये कोणी नाही. हे मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही. आमची संस्था गावांच्या अर्थकारणाचा अभ्यास करते आणि नारिनकडच्या डोंगरातलं एक गाव माझ्या वाट्याला आलं होतं. तिथले कळप वाढले तर प्रकल्पाचा पुढचा टप्पा मंजूर, आणि त्या टप्प्यातच माझी नोकरी. 'अगदी सोपं काम आहे,' असं मी बायकोला सांगून बसलो. त्या भरवशावर तिने नवा फ्रीज आणला.

पहिल्या खेपेला तुर्गुनबाय-आकेंचा, म्हणजे तुर्गुनबायदादांचा, कळप मोजला आणि मान वर केली, तर आके सुरीला धार लावत होते. पाहुणा आला म्हणजे मेंढी पडणार! संध्याकाळी मानाच्या पाहुण्यापुढे, म्हणजे माझ्यापुढे, उकडलेलं डोकं आलं. दुपारी मोजलेली मेंढी ताटातून माझ्याकडे बघत होती. मी निमूटपणे आकड्यातून एक वजा केली. पुढे घरोघरी हेच झालं.

पुढच्या खेपेला मी शहाणपण केलं.

"आके, काही कापू नका. मी जेवून आलोय."

आकेंचा चेहरा पडला. "कुणाकडे जेवलास? आमच्याकडे काय दुष्काळ पडलाय?"

त्यांची बायको, सादात-एजे म्हणजे सादातताई, आतून म्हणाली, "शहरातली माणसं भूक लागली की असंच बोलतात. ती काळी घ्या, मोठी आहे."

काळी गेली.

इकडे बिश्केकला आमच्या प्रमुख अनारा सादिकोव्ना आकडे बघून गंभीर झाल्या. "मेदेर, या गावात कसला तरी रोग आहे."

रोग कोण ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कोणत्या तोंडाने? बाईंनी गुरांचा डॉक्टर पाठवला. गावाने त्याचाही यथासांग मान राखला. तो पोट सुटून परत आला आणि म्हणाला, "रोग सापडत नाही, पण घट चालूच आहे."

"आता मीच येते," बाई म्हणाल्या. "कळप आणखी घटला असेल तर गाव प्रकल्पातून बाद."

गाव बाद म्हणजे मेदेर बाद. घरी फ्रीजकडे बघवेना. शेवटी एक युक्ती सुचली आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मी आकेंना फोन लावला.

"आके, उद्या आमच्या बाई येताहेत. पण त्यांना मेंढीचं मांस वर्ज्य आहे. पोट नाजूक. डॉक्टरांची सक्त मनाई."

"अरेरे! एवढी मोठी बाई, आणि मेंढी नाही?"

"एक तुकडासुद्धा नाही. नुसता चहा-पाव द्या."

"बरं झालं वेळेवर बोललास. तू अजिबात काळजी करू नकोस."

तरी घाटभर मी मनातल्या मनात मेंढ्याच मोजत होतो. पोचताच मी आधी गोठ्याकडे धावलो. मेंढ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. एकही कमी नाही! मागून बाईंनीही मोजल्या आणि हसल्या. "घट थांबली, मेदेर. परत गेल्यावर सही करते."

मी तरंगतच घरात शिरलो. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर वाफाळत्या मांसाचा डोंगर होता आणि निम्मं गाव भोवती बसलं होतं.

"आके, हे काय?" मी कानाशी लागलो.

"मेंढी नाहीये," आके अभिमानाने म्हणाले. "घोडी आहे. नाजूक पोटाला हलकी पडते."

"कुणाचं पोट नाजूक?" बाईंनी विचारलं.

"लाजू नका, बाई," एजे त्यांच्या ताटात वाढत म्हणाली. "मेदेरने सगळं सांगितलंय. खा, बऱ्या व्हाल."

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जेवल्या. अगदी पोटभर जेवल्या. मग हात पुसून त्यांनी पेन काढलं. "मेंढ्या झाल्या. आता घोडे. किती आहेत, आके?"

आकेंनी खिडकीबाहेरच्या रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेदेरचा फोन येईपर्यंत दोन होते."

नोकरीचं काय झालं ते विचारू नका. फ्रीज मात्र कामी आला. निघताना एजेने बांधून दिलेलं मांस अजून संपलेलं नाही.