हिरवा दिवा विझला तेव्हा

संगणकाच्या खोक्यावरचा हिरवा दिवा निरखून पाहिला, तर अधूनमधून किंचित मिचमिचताना दिसे. इस्पितळाच्या आकडेवारी विभागात तो वर्षभर विझला नव्हता, आणि विझू नये म्हणून आकडेताईंनी वर्षभर रजा घेतली नव्हती.

कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं, याचा तक्ता करणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमला नवी औषधं ओळखू येत नसत. ताईंनी त्यांची नावं, गट, मात्रा त्याला शिकवल्या. पण संगणक बंद केला की पुन्हा पाटी कोरी! म्हणून मोठ्या डॉक्टरांनी फर्मान काढलं, "बंदच करायचा नाही!"

बटणावर पुठ्ठा चिकटला. खोलीचा रंग लांबणीवर पडला. संगणक तापतो म्हणून एकुलता एक पंखा त्याच्याकडे वळला आणि ताई फाइलीने वारा घेत बसल्या.

"समुद्रावर कधी जायचं?" घरी नवरा विचारी.

"त्याला सोडून कशी येऊ?"

"मला बरी रोज सोडून जातेस!"

एके सकाळी मोठे डॉक्टर चहाची विजेची किटली घेऊन आले. तिचा प्लग लावायला जागा मोकळी नव्हती, म्हणून त्यांनी एक प्लग उपसला.

"हा कशाचा होता हो?"

दिवा विझला होता.

पुठ्ठा काढून संगणक पुन्हा सुरू केला, तर प्रत्येक नव्या औषधापुढे 'अनोळखी'. दुपारी बैठकीत हाच तक्ता मांडायचा होता. ताईंनी हाक मारताच इस्पितळाच्या औषधखिडकीवरचे काका नव्या औषधांच्या खोक्यांची चळत घेऊन धावत आले. ताईंनी प्रोग्रॅमचं मदतीचं पान उघडलं, आणि घाबरलेल्या असल्यामुळे प्रथमच शेवटपर्यंत वाचलं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहिती एका फाइलीत ठेवा, म्हणतोय. सुरू होताना तो आपोआप वाचेल."

"म्हणजे वर्षभर हे इथेच लिहिलेलं होतं?" डॉक्टर पुटपुटले.

"'औषधाच्या पाकिटातली माहितीची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचा'," काका म्हणाले, "हा फलक माझ्या खिडकीवर कोणी लावलाय, ताई?"

ताईंनी कीबोर्ड पुढे ओढला. काका खोक्यांवरचं वाचत गेले, त्या टाइप करत गेल्या. फाइल जपून ठेवली आणि त्यांनी स्वतःच प्लग ओढला.

"अहो, अहो!" डॉक्टर ओरडले.

संगणक सुरू झाला. सगळी औषधं मुकाट्याने आपापल्या जागी हजर होती.

"सुटलो बुवा!" डॉक्टर खुर्चीत कोसळले. "पुठ्ठा पुन्हा लावू का?"

ताईंनी पंखा स्वतःकडे वळवला, डोळे मिटून गार वारा घेतला आणि घरी फोन लावला.

"ऐक, बॅग भर. उद्या समुद्रावर जातोय आपण."