माणूस कितव्या फुटावर सुरू होतो?

माणसाने पृथ्वीच्या पोटावर पहिला ओरखडा कधी काढला, हा प्रश्न मी एकाहत्तर साली, चिंचवडात, एका रविवारात निकालात काढणार होतो! काढलाही असता, पण मध्ये मेहुणा कडमडला. मधुसूदन पुण्यात भूगर्भशास्त्र शिकवतो आणि आमच्याकडे जेवायला आला तरी थांबत नाही.

"भाऊजी, माणसाचा थर शेतीपासून धरायचा."

"नांगराने पृथ्वीला काय होतं? गुदगुल्या!" मी ओरडलो. "कारखाने आले तेव्हापासून धर!"

ताटावरून उठलो तो थेट कुदळीकडे. खोलीमागे घरमालक दत्तोबांचं वावर. निम्मं सरकारने कारखान्यांसाठी घेतलेलं, उरलेल्यावर शेजारच्या फाउंड्रीने साच्यांची जळकी वाळू ओतलेली. दत्तोबा आळंदीला गेलेले. विचारणार कोणाला?

कमरेइतका खड्डा झाला. वर काळी वाळू, मध्ये माती, तळाला मुरूम. शास्त्र म्हणून तिन्हींचे ढीग वेगळे! वाळू संपते तिथे मी चुन्याची रेघ मारली.

"इथे माणूस सुरू!"

मधूने मातीतून खापराचा तुकडा उपटून माझ्या नाकासमोर नाचवला. "मग हे काय बैलांनी भाजलं? माणूस खाली आहे भाऊजी, खाली!" आणि मातीच्या तळाशी स्वतःची रेघ मारली. मी त्याची पुसली. त्याने माझी पुसली. आम्ही टेप घेऊन एकमेकांवर खेकसत असताना, कोणी आत पडू नये म्हणून माझ्या बायकोने, वासंतीने, चार कोपऱ्यांवर काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या.

नेमके तेव्हाच दत्तोबा परतले. चुना, टेप, लाल निशाणं! मागे हीच वरात आली होती आणि निम्मं वावर घेऊन गेली होती.

"साहेबराव, धावा! मोजणी आली!"

शेजारचे साहेबराव अर्धी आळी आणि सगळ्या काठ्या घेऊन धावले.

"आमच्यातच भाड्यानं ऱ्हाऊन आमचीच जिमीन मोजता व्हय?" दत्तोबांनी लाल चिंधीची एक काठी उपटली.

"अहो, माणूस कुठून सुरू झाला, एवढंच बघतोय!"

"त्ये ऱ्हाऊ द्या!" साहेबराव गरजले. "तुमी थांबनार कुठं, त्ये सांगा!"

मदतीसाठी मी भूगर्भशास्त्राकडे पाहिलं, तर ते खापर खिशात लपवत होतं.

"बुजवा!" दत्तोबांनी फर्मावलं. "आन् आधी ती काळी घान तळाला घाला. माजी माती वर आली पायजे!"

बुजवला! तळहातांना फोड, डोक्यात जाळ! शेवटचं घमेलं ओतलं, तेव्हा दत्तोबांनी ती माती पायाने हळूच सारखी केली आणि "आता कसं!" म्हणून पहिल्यांदा हसले.

मधूही हसला. "बघा भाऊजी! आता कोणालाही खणू द्या. माणूस सगळ्यांत खालीच!"

त्याला मी तिथल्या तिथे गाडणार होतो. पण दत्तोबांच्या वावरात मला आता खणायला बंदी आहे.