चौथा खड्डा

एका जंगलात, बाळांनो, चार खड्ड्यांचा एक रस्ता होता. चारही खड्डे जुने. सगळ्यांच्या ओळखीचे.

तिथल्या जनावरांनी एकदा मोटारसायकलींवरून तळ्याकडं सहल काढली. पुढं हुप्पाजी वानर. त्याच्यामागं ससा, अस्वल आणि रानडुक्कर. सगळ्यात शेवटी कासवआबा. त्यांच्या मागच्या सीटवर सगुणा कोंबडी, मांडीवर टोपली, टोपलीत सहा अंडी. घरी ठेवावीत तर सापाची भीती.

हुप्पाजीनं बजावलं, "येताना बुडाला दणका बसला की एक मोजायचं. चौथ्या दणक्याला उजवीकडं वळलं की घर. सरळ गेलात तर वाघाकडं."

जाताना खड्डे उलटे यायचे, म्हणून येतानाचा चौथा आधी लागला. बाकीचे तीन पाय टेकत टेकत निघण्यासारखे, हा मात्र विहिरीसारखा खोल.

"आबा, यात माझी अंडी फुटतील हो," सगुणा म्हणाली.

"थांब बाई. घाई कसली?"

आबा उतरले. दगड टाकले, माती लोटली, वर चालून चालून दाबली. बाकीचे केव्हाच पुढं गेलेले.

परतताना सगळे मोजत निघाले. एक. दोन. तीन. चौथा दणका बसला तो वाघाच्या उंबऱ्यावर. सांगितल्याप्रमाणे सगळे उजवीकडं वळले. उजवीकडं वाघाचं स्वयंपाकघर होतं.

"या, बसा," वाघ म्हणाला. "पाणी उकळतंच आहे."

इकडं आबा वळणावर पोचले. बघतात तर चाकांच्या खुणा सरळ गेलेल्या.

"आबा, घर इकडं. माझ्या मांडीवर सहा जीव आहेत."

"आहेत गं. पण तिकडं चार आहेत, आणि चूक माझी आहे."

सगुणेनं टोपलीवर पंख पसरले आणि डोळे मिटले. आबा सावकाश वाघाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"वाट तुमची चुकली नाही," ते म्हणाले. "खड्डा मी बुजवला."

झालं. वाघाला सगळे विसरले.

"कुणाला विचारून बुजवला?" हुप्पाजी म्हणाला.

"माझ्या आजोबांचा पाय त्यात मोडला होता," ससा म्हणाला. "आता आठवण कुठं राहिली?"

तिथंच सभा भरली. अध्यक्ष कुणी व्हायचं यावरच दुपार गेली. मग ठराव आला. मग ठरावाला दुरुस्ती आली. वाघानं दोनदा पाणी तापवलं. दोन्ही वेळा निवलं. अस्वल आभार मानायला उठलं तेव्हा वाघ घोरत होता.

सगळे सुखरूप घरी आले. अंडीही.

ठराव असा होता, की आबांनी खड्डा पुन्हा खणावा. आबांनी खणला. काम मनापासून करायची सवय, म्हणून हातभर जास्तच खोल.

पुढच्या सहलीहून येताना हुप्पाजी त्यात गाडीसकट गेला. आतून त्याचा आवाज आला, "चार. वळा रे उजवीकडं."

तात्पर्य: रस्त्यातला खड्डा कधी बुजवू नये. कुणाचं तरी घर त्याच्याच खुणेवर असतं.