कोणाच्या हाती कोणतं भांडं

शेजारच्या साखरपुड्यात मी नवरदेवाच्या मामांच्या ताटात कढी वाढायला गेलो आणि ती त्यांच्या घड्याळावर वाढली. मामा सज्जन. ते नुसतं "पुरे" म्हणाले.

दिनकरकाका ओरडले नाहीत. माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि मिठाची वाटी दिली. "भाऊ, तुमी गप्पाइत रमता. मीठ सांडलं तं कोणाले भाजत नाई." पन्नाशीत झालेली माझी ही पदावनती आजतागायत कायम आहे.

काका तहसीलीतून निवृत्त झालेले. दारव्ह्यात आमच्या गल्लीत कोणाकडेही कार्य असो, वाढप्यांची फौज त्यांची. पंगत बसण्याआधी ते भिंतीकडे तोंड करून दोन मिनिटं उभे राहतात. नवख्या पाहुण्यांना वाटतं, काका रुसले. विचारलं तर म्हणतात, "डोक्यातली गर्दी हटवून राह्यलो. मंग माणसं साफ दिसतात."

आणि दिसतातही. तापट गजाननाला भात, कारण "आदळला तरी उडत नाई." चिकट गुरुजींना जिलबी, ती शेवटच्या पंगतीपर्यंत पुरते. विलासला पाणी, कारण बोलायला नवीन माणूस हवा म्हणून तो आपणहून फेऱ्या मारतो.

एकच माणूस काकांना साधला नाही, सख्खा धाकटा भाऊ मधुकर. आईच्या तेरवीला काकांनी त्याला उष्ट्या पत्रावळी उचलायला सांगितलं. काकांच्या मते सरळ गोष्ट होती: सगळ्यात अवघड काम, म्हणून सगळ्यात भरवशाचा माणूस. मधुकरनं मुकाट्यानं पत्रावळी उचलल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं महागावला गेला, तो नऊ वर्षं फिरकला नाही.

हे मला कळलं ते यंदा, मधुकरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा. काका ती उलटसुलट करत माझ्या ओसरीवर बसले. "नुसती पत्रिका आली, फोन नाई. जाऊ का नोको? सूनबाईले घेऊन तुमी बी चाला संग."

माझ्या बायकोला काका सूनबाई म्हणतात. आम्ही तिघं गेलो. मंडपात काका उभं राहायला भिंत शोधत होते. मंडपाला कुठली भिंत? शेवटी तसेच मधुकरसमोर गेले. चारचौघांत त्यानं तोंड फिरवलं असतं, तर हा माणूस पुन्हा कुठल्याच पंगतीत उभा राहिला नसता.

"मधू," काका म्हणाले, "आईच्या तेरवीले तुले काय वाढाचं होतं रे? मी तवा इचारलंच नाई."

मधुकरनं खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाला, "बुंदी. आईले आवडे. मले आपल्या हातानं लोकाइले वाढाची होती."

"चुकलंच माह्यं."

"हाव, चुकलंच." मधुकरनं बुंदीची परात ओढली. "धर तिकून, दादा. एकट्याले भारी होते."

मधुकरनं काकांना चार दिवस ठेवून घेतलं. आम्ही दोघं त्याच संध्याकाळी निघालो. जीपमध्ये मी बायकोला म्हटलं, काकांनी आज कोणाला काम वाटून दिलं नाही, तरी पंगत कशी नीट झाली.

ती म्हणाली, "नीट कायची? माह्या पानात तीनदा बुंदी वाढली दोघाइनं. चारही हात परात धराले अन् बुंदी वाढाले गुंतलेले, डोळे पुसाले एक बी रिकामा नाई. दिसतच नव्हतं काकाजीले. म्या बी नाई म्हटलं नाई."