कर्जतीच्या नाचघरावर नानांची स्वारी

उल्हास नदीस आणि तिजपलीकडील डोंगरास साक्ष ठेवून, आणि ऐकणाराचे चित्त ठिकाणावर आहे ऐसे गृहीत धरून, ही हकीकत लिहावयास घेतली. शके अठराशे चौपन्न, मार्गशीर्ष मास, रविवार. त्या दिवशी जे जाहले ते थोर जाहले. एक फोटो तो काढला, त्यात काय मोठे, ऐसे म्हणणारे कर्जत कसब्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या तोंडास लागणे नको म्हणोन साद्यंत लिहितो.

मोहिमेचे कारण ऐसे जे, कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर टेकडीचे माथा साहेब लोकांचे नाचघर होते. शनिवारी तेथे बाजा वाजे आणि साहेब व मडमा गिरक्या घेत आणि मग दमून सरबते पीत. भिसेगावचे राजश्री नाना, रेल्वेकडील तारबाबू, यांनी तीस वर्षे तातडीच्या तारा जातीने तेथे पोचविल्या. परंतु हिंदी माणसास उंबऱ्याच्या आत मज्जाव. आत नाच चाले आणि नाना छत्री धरून बाहेर उभे, आणि गिरकी संपेतो तार हातातच. मग साहेब गेले आणि बाजा गेला आणि काही कौलेही गेली, आणि वीस वर्षे वास्तू ओस पडली. आता सोमवारी मुकादम येऊन ती जमीनदोस्त करणार ऐशी खबर येताच नाना, उमर बहात्तर, भरल्या ताटावरून उठले आणि हुकूम फर्माविला की, आम्ही आत जाऊन मधोमध खुर्चीवर बसणार, आणि सूनबाईने आमचा फोटो घ्यावा.

सूनबाई म्हणजे सौभाग्यवती सुनीतीबाई. यांनी पुण्याच्या बंधूंकडून कॅमेरा मागून आणिला होता आणि हुन्नर चांगला कमाविला होता. दारूगोळा म्हणजे काचेच्या तीन प्लेटी. त्यांची जोखीम यजमान गोपाळकृष्ण मास्तर यांजवर सोपविली, ही मसलत पहिल्यापासून कच्ची. पैकी एक प्लेट नदी उतरता बैलगाडीत फुटली. दुसरी शाबूत आहे की नाही हे मास्तरांनी भर उन्हात डबी उघडून पाहिले. उजेड लागता प्लेट बाद होते हे त्यांस ठाऊक होते, परंतु खात्री करून घेणे हा त्यांचा स्वभाव. तिसरी प्लेट सुनीतीबाईंनी पदरात गुंडाळली आणि फौज पुढे चालली.

आता गफलत कोठे जाहली ते ऐका. आदले दिवशी मास्तरांनी जवळच्या ठाकूरवाडीतील कोंडीबाईंस सांगून ठेविले होते की, नाना येऊन बसणार आहेत, जागा जरा मोकळी करून ठेव. कोंडीबाईंच्या वाडीत पाहुणा न सारवलेल्या भुईवर बसवीत नाहीत, मग हा तर म्हातारा माणूस, आणि त्याचा फोटो निघणार! सबब त्यांनी आवडी आणि जना या दोन्ही जावांस कुमकेस घेऊन रविवारी सकाळपासून एल्गार केला. कोळिष्टके उतरली, वटवाघळे परागंदा जाहली, वाळवीने खाल्लेल्या फळ्यांचा चुरा निघाला, आणि खालची माती चोपून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अवघे नाचघर शेणाने सारविले.

सुनीतीबाईंस भग्न, उदास ऐसा देखावा हवा होता. त्या दारातून पाहतात तो आत लग्नघर. त्यांस रडू यावे की हसू हे ठरेना. परंतु खरे संकट निराळेच. भुई ओली होती, आणि मार्गशीर्षाच्या गारठ्यात ती दुसऱ्या सकाळपर्यंत वाळती ना. ओल्या सारवणावर पाय देऊ नये हे नानांच्या अंगी लहानपणापासून मुरलेले. त्यांनी जोडे काढिले, खुर्ची काखोटीस मारिली, आणि उंबऱ्यापाशी उभे राहिले.

छपराच्या भगदाडातून उन्हाचा एक तुकडा मधोमध पडला होता, तो सरकू लागला. मास्तरांनी नानांस खांद्यावर नेण्याची मसलत काढिली. खांद्याखाली मास्तरांचेही पाय आहेत हे निदर्शनास आणिताच ती बारगळली. मग म्हणाले, खुर्ची दारातच मांडू.

“दारात मी तीस वर्षं उभा होतो, गोपाळ,” नाना म्हणाले.

इतक्यात बादली घेऊन कोंडीबाई आल्या, आणि सर्व हकीकत ऐकोन निकाल दिला.

“नाना, जा की तुमी आत. सारवलंय मी, तर मीच सांगते. पावलं उठली तर उठू द्या. उद्या त्यो मुकादम पाडनार, मग वाळवून कुनाला दावायची?”

नानांनी धोतर सावरिले आणि उंबरा ओलांडिला. शेण गार लागले म्हणोन प्रथम शहारले, मग हसू लागले, आणि चालत चालत मध्यावर आले. तेथे खुर्ची ठेविली. वाटले, आता बसतील. तो काय, राजश्रींनी पगडी एका हाताने दाबून धरिली, दुसरा हात हवेत धरिला, आणि एक गिरकी घेतली! पुरती एक. आवडी आणि जना दाराशी हसून लोटपोट. आम्ही तटस्थ लिहिणारे, परंतु आम्हांसही लिहिता लिहिता गुदगुल्या होतात, त्यास इलाज नाही.

मग नाना खुर्चीवर बसले. सुनीतीबाईंनी दारातच कॅमेरा रोविला, वीस आकडे होईतो हलू नये, ऐसी सक्त ताकीद दिली आणि मोजू लागल्या. सातास नानांचे ओठ हलले, नवास खांदे, आणि तेथून वीसपर्यंत नाना हसतच होते. आणखी प्लेट नव्हती, म्हणोन बाईंनी मोजणी पुरती केली.

सोमवारी नाचघर पडले. प्लेट धुतली तेव्हा नानांचा चेहरा अवघा पुसट निघाला. सुनीतीबाई फार हळहळल्या. नानांनी मात्र फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. भुई स्वच्छ उमटली होती. उंबऱ्यापासून मध्यापर्यंत पावलांची सरळ रांग, मग गिरकीचे वाटोळे, मग खुर्ची. येणेप्रमाणे नाना नाचघरात दाखल होऊन फत्ते जाहली. बाहेर येणारे एकही पाऊल त्या फोटोत नाही, हे पाहून, खात्री करून, लिहिले असे.