जनूमामाची हजेरी

जनूमामा फोनवर हॅलो म्हणत नाही. त्याचं बोलणं थेट तिसऱ्या वाक्यापासून सुरू होतं. फोन उचलला की कानावर पडतं, "...आणि ती छत्री तिला परत दे म्हणावं." कोणाची छत्री, कोणाला परत, हे विचारेपर्यंत पलीकडे फोन बंद. आई म्हणते, पहिली दोन वाक्यं तो मनात बोलून घेतो आणि आपण ती ऐकली असं समजतो.

जनूमामा आईचा चुलतभाऊ. वसईतल्या सांडोर गावात राहतो, घरामागे केळीची छोटी वाडी आहे. आयुष्यभर बसवर कंडक्टर होता. त्यामुळे असेल, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीत मधेच चढायचं आणि आपला स्टॉप आला की उतरायचं अशी त्याची पद्धत आहे. लग्नाला गेला तर मंगलाष्टकांच्या शेवटच्या 'सावधान'ला पोचतो. रहस्यकथा शेवटच्या प्रकरणापासून वाचतो. "खून कोणी केला ते एकदा कळलं की बाकीचं निवांत वाचता येतं." एकदा मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी "बसा, काय म्हणताय?" असं हसून विचारलं. मामा उभ्या उभ्याच म्हणाला, "डावा गुडघा. जिना उतरताना." डॉक्टरांनी नाव विचारलं. "ते केसपेपरवर आहे. मुद्द्यावर या."

'मुद्द्यावर ये' हे त्याचं आवडतं वाक्य. त्याने ते डॉक्टरांना, रिक्षावाल्यांना, आणि एकदा देवळात लांबलेल्या आरतीलाही ऐकवलं आहे.

मला हा माणूस लहानपणापासून आवडतो, कारण मला बोलायची भीती वाटते. घरी पाहुणे आले की मी पाणी द्यायच्या निमित्ताने आत जायची आणि आतच राहायची. बाकीचे नातेवाईक गाठायचेच. "कॉन्व्हेंटची ना ही? म्हण बरं, एकोणसत्तर म्हणजे किती?" मामाने असं कधीच विचारलं नाही. तो यायचा, "केळफूल ठेवलंय," म्हणायचा आणि जायचा. त्याच्याशी काही बोलावंच लागत नसे. केवढी सुटका असायची ती.

मी आता मोबाइल ॲप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत बसून काम करते. मागच्या वर्षी एका सकाळी मामा तिथे आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "चौतीस घरं आहेत."

मी वाट पाहिली. पुढचं हळूहळू तुकड्यातुकड्यांनी कळलं.

पूर्वी सांडोरला सकाळी सगळी माणसं बावखलावर यायची. बावखल म्हणजे आमच्याकडचं पसरट तळं, वाड्यांना पाणी देणारं. सकाळी जो तिथे दिसला नाही त्याच्या घरी कोणीतरी डोकावून यायचं. ठरवलेलं काही नव्हतं, तशी रीतच होती. मग घरोघर नळ आले, पंप आले. मुलं वसई पूर्वेला, पुण्याला, कॅनडाला गेली. गावात एकेकटी म्हातारी माणसं राहिली, आणि कोण दिसलं नाही हे कळायची जागाच उरली नाही. म्हणून मामा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी सायकल काढायचा. एकेका दाराशी एक पाय टेकवून ओरडायचा, "आहेस?" आतून "आहे रे बाबा!" आलं की पॅडल. उत्तर पूर्ण ऐकायला तो थांबायचा नाही. तारामावशी म्हणायची, "मी 'आ' म्हणेपर्यंत हा पुढच्या गल्लीत. 'हे' मी कोंबड्यांना सांगते."

आता डाव्या गुडघ्यामुळे डॉक्टरांनी सायकल बंद केली होती.

"फोन सगळ्यांकडे आहेत," मामा म्हणाला. "पोरांनी दिलेत. तू बटण कर."

मी बटण केलं. ॲपचं नाव 'हजेरी'. म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर एकच मोठं हिरवं बटण: 'आहे'. सकाळी आठच्या आत दाबायचं. मामाच्या फोनवर चौतीस नावांची यादी. मी ती अक्षरांप्रमाणे लावून दिली, तर तो चिडला.

"माणसं काय बाराखडीप्रमाणे राहतात गो? स्टॉपप्रमाणे लाव."

मग वाटेवरच्या घरांच्या क्रमाने लावली. तरी समाधान नाही. "आता हे मी बोटाने खाली खाली ढकलत बसू? ज्याने दाबलं नाही त्याच्यावर थेट नेऊन उभं कर. सायकलवर मी थेट जायचो."

हे मात्र माझ्या कामातलं होतं. आठ वाजले की यादीने आपोआप सरकायचं आणि ज्याची हजेरी नाही त्याचं नाव सगळ्यात वर आणून थांबायचं. त्या नावापुढे मी एक लाल ठिपकाही दिला. बारीक, नाजूक. तेव्हा मला तो फार सुंदर वाटला होता.

आता यादी किती सरकवायची हे फोनला सांगावं लागतं. मी सोपा हिशेब केला. प्रत्येक नावाची ओळ इतक्या उंचीची, एकोणिसाव्या नावावर जायचं तर अठरा ओळी सरक. 'व्यक्ती एक', 'व्यक्ती दोन' अशी चौतीस खोटी नावं भरून मी पन्नास वेळा तपासलं. प्रत्येक वेळी बरोबर थांबलं. शिवाय प्रत्येक नावाखाली मी 'खूण' म्हणून रिकामी जागा ठेवली होती. माझ्या मनात होतं, मामा तिथे घर नंबर लिहील.

पहिले काही आठवडे सगळं छान चाललं. अधूनमधून बटण दाबायला विसरणाऱ्या बेर्नादबाय तेवढ्या होत्या, आणि त्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर होत्या. मामा ठरल्या वेळी त्यांच्याकडे जायचा, चहा प्यायचा, परत यायचा.

मग एका सकाळी पावणेनऊला फोन आला.

"...म्हणतो तुला मी मेलेलाच पाहिजे काय!"

"कोण म्हणतो, मामा?"

"फ्रान्सिस! तुझं यंत्र त्याच्यावर थांबलं. मी पायी गेलो. तो आरामात दात घासतोय. सहा वाजता बटण दाबलंय म्हणतो. गल्लीभर बोंबललाय, माझी हजेरी खाल्ली म्हणून."

"थांब, बघते."

मी माझ्या फोनवर मामाची यादी उघडली. खरी यादी मी तोवर एकदाही पाहिली नव्हती. यादी सरकली आणि फ्रान्सिसकाकांवर थांबली. त्यांच्यापुढे ठिपका नव्हता. म्हणजे फ्रान्सिसकाका खरं बोलत होते. मामाने चष्मा लावला नसणार, आणि लावला असता तरी माझा तो नाजूक ठिपका त्याने शोधला नसता. जिथे बस थांबते तो स्टॉप, असा त्याचा सरळ विश्वास. मी बोटाने खाली गेले. एक नाव, दोन नावं, तीन. चौथ्या नावापुढे ठिपका होता.

"मामा, फ्रान्सिसकाका नाही. तारामावशी."

फोन बंद झाला.

आठला कळायचं ते पावणेनऊला कळलं होतं. तारामावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, घरात एकटी. मी दोनदा तिच्या फोनवर रिंग दिली. उचलला नाही. मला एरवी कोणाला फोन करायचा तर आधी कागदावर वाक्यं लिहून घ्यावी लागतात. त्या दिवशी तिने उचलला असता तर काय बोलणार होते, कोण जाणे.

करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी यादीकडे बघत बसले. आणि चूक कळली. मामाने 'खूण' या जागेत घर नंबर लिहिलेच नव्हते.

'फ्रान्सिस. पुढचे दार वाजवू नये, ऐकू येत नाही. मागे विहिरीकडून यावे. कुत्रा भुंकतो, चावत नाही. मंगळवारी पोराचा कॅनडाहून फोन येतो. त्यानंतर तासभर काही विचारू नये.'

'बेर्नादबाय. चहा देते. घ्यावाच. साखर जास्त असते, बोलू नये. बटण विसरत नाही, मुद्दाम दाबत नाही. कोणी आलेले आवडते.'

'आत्माराम. आता विसरायला लागला आहे. बटण दाबले का असे विचारू नये, लाजतो. फोन हातात घेऊन आपणच दाबावे आणि दाबलेस की रे म्हणावे.'

कोणाच्या चार ओळी, कोणाच्या नऊ. एरवी तीन शब्दांत संपणारा माणूस इथे मात्र घाईत नव्हता. मी सगळ्यांच्या ओळी सारख्या उंचीच्या धरल्या होत्या. खरी यादी त्याहून कितीतरी लांब होती. त्यामुळे वरच्या घरांना फारसा फरक पडत नव्हता, पण वाट जितकी पुढे जाई तितकी यादी अलीकडे थांबत होती. बेर्नादबाय बरोबर सापडत. तारामावशीपर्यंत पोचता पोचता यादी चार घरं मागे पडली होती.

'तारा. उठल्यावर आधी केळीत जाते, मग चहा. घरात दिसली नाही तर पाटाच्या कडेने तिसऱ्या सरीपर्यंत बघावे. एकटी असली की गाते. गाणे ऐकू आले तर आत न जाता परत फिरावे.'

ते वाचताना माझ्या लक्षात आलं, हे सगळं मामाला पाठ होतं. कोणाच्या मागच्या दाराने जायचं हे त्याला लिहून ठेवायची काहीच गरज नव्हती. तो हे स्वतःसाठी लिहीत नव्हता. त्याच्यानंतर कोणी बघायला येईल, त्याच्यासाठी लिहीत होता.

चौतीस नावं मी शेवटपर्यंत वाचली. जनूमामाचं नाव त्यात नव्हतं.

सव्वानऊला फोन वाजला.

"...आणि आलं जास्त घाल म्हणते."

"मामा! सापडली?"

"तिसऱ्या सरीत. पाटात पाय मुरगळून बसली होती. चांगला तासभर. फोन घरात. मला बघून म्हणते, 'आज फ्रान्सिसकडे गेलास वाटतं आधी, ओरडणं ऐकलं मी.' गल्लीतली पोरं बोलावून उचलून आणली. आता चहा मागतेय. पाय सुजलाय, मोडलेला नाही."

मी नुसतं "बरं" म्हटलं आणि भिंतीला टेकून बसले. मागून तारामावशीचा आवाज येत होता, "कोणाशी बोलतोस? त्या पोरीशी? तिला सांग माझी एक चप्पल पाटात गेली!" मला रडू आणि हसू एकदमच आलं.

ऑफिसातल्या सहकाऱ्याला मी अडचण सांगितली, तर तो म्हणाला, "सोपं आहे. एवढा मजकूर कशाला? एका ओळीत कापायचा आणि पुढे तीन टिंबं." मी कापला नाही. दोन दिवस लागले, पण प्रत्येक ओळ फोनकडून खरोखर मोजून घेतली. ठिपक्याच्या जागी नावाची अख्खी चौकट लाल केली. मग तपासायला सांडोरला गेले. या वेळी खोटी नावं घेतली नाहीत.

"काय चुकलं होतं?" मामाने विचारलं.

"मी सगळ्यांना सारख्याच मापाचं धरलं होतं."

"सारखी? फ्रान्सिस आणि तारा?" त्याने कपाळावर हात मारून घेतला. "शिकलीस काय मग एवढी वर्षं?"

त्यावर मी हिंमत करून विचारलं, "मामा, यात तू नाहीस."

"मी कंडक्टर. कंडक्टर काय तिकीट काढतो?"

"पण तू एकटाच असतोस ना इथे?"

मामी जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, मुलगी बंगळुरूला असते. मामाने केळीकडे बघितलं. "मुद्द्यावर ये."

"हाच मुद्दा आहे."

तो उठून आत गेला, मला वाटलं रागावला. पण परत आला तेव्हा फोन माझ्या हातात दिला आणि चष्मा शर्टाला पुसत बसला. मी पस्तिसावं नाव घातलं. त्याच्या फोनवर हिरवं बटण आलं, आणि त्या दिवसापासून यादी माझ्याही फोनवर राहिली. 'खूण' लिहायला मला अर्धा तास लागला. शेवटी एवढंच जमलं: 'जनूमामा. बोलणे मधूनच सुरू करतो. थांबावे, बाकीचे कळते.'

तारामावशी पंधरा दिवसांत हिंडू लागली. फ्रान्सिसकाका आठवडाभर मामाशी बोलले नाहीत, मग मंगळवारी कॅनडाचा फोन झाल्यावर स्वतःच त्याच्या ओट्यावर येऊन बसले. यादी एकदाही चुकली नाही.

परवा सकाळी आठ वाजता मी चहा घेत होते. फोनवर यादी आपोआप सरकू लागली. बेर्नादबाय गेल्या, फ्रान्सिसकाका, आत्माराम, तारामावशी गेली. ती थांबेना. अगदी तळाशी जाऊन थांबली. चौकट लाल होती. पस्तिसावं नाव.

मी लगेच फोन लावला. कागद घेतला नाही, वाक्यं लिहिली नाहीत. रिंग वाजत राहिली. सहा, सात, आठ. मी आईला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने उचलला.

"मामा! काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे." मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. तो ओट्यावर बसला असणार, फोन हातात धरून. "पाहत होतो."

"काय?"

"शेवटच्या घरापर्यंत पोचतं का."

मला रागवायचं होतं. पण इतकं बरं वाटत होतं की राग कुठे ठेवावा ते कळेना. "पोचतं," मी म्हटलं. "मामा, असं परत करू नकोस. दाब ते बटण."

त्याने दाबलं. माझ्यासमोरची लाल चौकट हिरवी झाली.

"उद्या वेळेवर दाबीन," तो म्हणाला. "पण तू बघत जा."