पंधरावं नाव

काळेकाका स्टंपमागे बसले की फलंदाजाशी मराठीत बोलायला लागतात. फलंदाज आयरिश असो, पाकिस्तानी असो, केरळचा असो, त्यांना फरक पडत नाही. "अहो, डावा पाय कुठं चाललाय? घरी जायचंय का?" किंवा, "हा हुकला. जाऊ दे. पुढचा बघू आपण." आपण म्हणजे ते आणि समोरच्या संघाचा फलंदाज.

एकदा एका उंच, लालबुंद फलंदाजानं पंचांकडे तक्रार केली, की हा माणूस मला शिव्या देतोय. मी क्लबचा सेक्रेटरी, म्हणून पंचांनी मला थर्डमॅनवरून बोलावून घेतलं. थर्डमॅन म्हणजे कीपरच्या पाठीमागे, पार सीमारेषेजवळची जागा. आमच्या मैदानावर तिथे अंगाला खाज आणणारी झुडपं आहेत.

"काय म्हणतोय हा?"

"तुमच्या बुटाची लेस सुटलीय, पडाल, असं म्हणतायत."

फलंदाजानं खाली पाहिलं. लेस सुटलेली होतीच. त्यानं ती बांधली, पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला, आणि जाताना तो काकांच्या कोपराला कोपर लावून गेला. आमच्या बॉलरकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे तर नाहीच.

हे लिहितानाही मला थोडं जळतंय, ते आधीच सांगून टाकतो.

आयर्लंडमधल्या मलिंगार गावाबाहेर मार्टिन नावाच्या शेतकऱ्याच्या रानात आमचं मैदान आहे. गवतावर मॅट अंथरली की पिच तयार. मॅट अंथरायची काकांनी, खिळे ठोकायचे काकांनी, आणि मार्टिनकडून अंडीही घ्यायची काकांनी. मार्टिन मला सहा वर्षं ओळखतो आणि अजूनही "युवर मॅन कुठंय?" एवढंच विचारतो. युवर मॅन म्हणजे काळेकाका. मी म्हणजे युवर मॅन कुठे आहे ते सांगणारा.

काका एक्कावन्न वर्षांचे. कानटोपी घालून कीपिंग करतात. झेल सुटला की चेंडूकडे प्रेमानं बघतात आणि म्हणतात, "बॉलला घाई नाही, आपल्याला कशाला?" २०२०च्या उन्हाळ्यात थोडे दिवस सामने झाले, तेव्हा बॉलला अजिबातच घाई नव्हती. सुटलेले झेल अकरा, धरलेले चार. हे मला माहीत आहे, कारण मी मोजले. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, न मोजता मला झोप लागत नाही.

मी अविनाश, चोपड्याचा. घरातला पहिला पदवीधर. ज्यानं हात दिला त्याला विसरू नये, हे आईनं इतक्यांदा सांगितलंय की ते मला पाढ्यासारखं पाठ आहे. आणि मी इथे नोकरीला आलो त्या जानेवारीत स्टेशनवर घ्यायला कोण आलं होतं? काळेकाका. अंगावरचा जाड कोट काढून त्यांनी मला घातला आणि स्वतः स्वेटरवर गाडी चालवली. उपकार असलेल्या माणसावर जळणं फार अवघड असतं. नीट रागावताही येत नाही.

खरं जळायचं कारण मुक्ता. माझी मुलगी, सात वर्षांची. आम्ही मराठीत विचारतो, ती आयरिश इंग्रजीत उत्तर देते. चोपड्याची आजी फोनवर "बोल ना गं" म्हणत राहते आणि मुक्ता "हाय आजी, आयॅम ग्रँड", म्हणजे मी मजेत, एवढं म्हणून फोन माझ्या हातात देते. हीच मुक्ता सामन्याला आली की काकांशी चक्क मराठीत बोलते. "काका, तुम्ही आज किती सोडले?"

"चार. पाचवा सोडणार होतो, पण चुकून धरला गेला."

मी घरी तिच्यासाठी बाराखडीचे तक्ते लावले. त्यांनी नुसते झेल सोडले.

तर २०२१चा एप्रिल आला. लीगला पंधरा नावं कळवायची होती. कोविडचा नियम कडक होता, यादीतले पंधरा आणि एक स्कोअरर, बाकी कुणालाही मैदानात प्रवेश नाही. चौदा नावं ठरली. पंधरावं काळेकाकांचं, की रोहनचं? रोहन सांगलीचा, एमएस्सी करणारा, चोवीस वर्षांचा, दोन्ही बाजूंना झेपावणारा कीपर.

समितीत आम्ही तिघं. कॅप्टन निखिल म्हणाला, "सॉरी यार, हा क्लब आहे, वृद्धाश्रम नाही."

आमची स्कोअरर सुजाता भडकली. "ज्यानं मॅट अंथरली त्यालाच बाहेर काढणार? लाज आहे का रे?"

तिसरं मत माझं. मी शांतपणे माझा तक्ता ग्रुपवर टाकला. अकरा आणि चार. निखिलनं होकाराचा अंगठा टाकला. सेक्रेटरी म्हणून काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते जरा जास्तच तत्परतेनं घेतलं.

घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जाण्याची लॉकडाउनची मर्यादा नुकतीच उठली होती. घरी काका नव्हते, म्हणून मुक्ताला घेऊन मैदानावर गेलो. फाटकापाशीच थांबलो. मॅट अंथरलेली, स्टंप रोवलेले. स्टंपमागे कानटोपी, पॅड, ग्लव्ह्ज घालून काका ओणवे बसलेले. बॉलर नाही. फलंदाज नाही. आणि बोलणं चालू.

"निखिल, जरा बाहेर ठेव. शाब्बास. सुजाता, लिहिलंस का गं?" मग मागे वळून, रिकाम्या झुडपांकडे बघत, "अविनाश! आत ये रे दोन पावलं. अजून दोन. इथं ये माझ्याशेजारी, स्लिपला. इकडं बोलायला कुणी नाही."

काकू मागच्या वर्षी मार्चमध्ये आईला बघायला अकोल्याला गेल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे तिथेच अडकल्या, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आम्ही ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणाही पाठवल्या होत्या.

"काका, मी येऊ?" मुक्ता धावत सुटली.

काका दचकून उठले, गुडघा धरून. "अरे! सराव चाललाय जरा."

"पण बॉल कुठंय?"

"बॉलला घाई नाही. येईल सावकाश."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी ग्लव्ह्ज काढले. "यादी जायची असेल ना? रोहन चांगला आहे. पोराचे हात फार चांगले आहेत." ग्लव्ह्ज काखेत घालून म्हणाले, "मॅट अंथरायला मी येत जाईन. यादीत नसलेल्याला तेवढ्यापुरतं येऊ देतात का रे? नियम आहेत म्हणून विचारतोय."

"नाही देत," मी म्हणालो. तेच खरं होतं.

"बरं," ते म्हणाले आणि मॅटचे खिळे उपटायला वाकले.

माझ्या तक्त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. फक्त तो करणारा माणूस मुक्ताच्या मराठीवर जळत होता, हे कुठल्या रकान्यात लिहिलं नव्हतं.

"काका, खिळे राहू द्या," मी म्हणालो. "शनिवारी परत ठोकायला लागतील. तुम्हालाच." आणि पंधरावं नाव काकांचंच, हे सांगायला तिथूनच निखिलला फोन लावला. तो माझ्यावर ओरडला, ते योग्यच होतं.

रोहन शेजारच्या गावच्या क्लबकडे गेला आणि जूनमध्ये आमच्याविरुद्ध पन्नास ठोकून गेला. स्टंपमागून काका त्याला म्हणत होते, "वा! असाच खेळ. पण त्या हेल्मेटचा पट्टा लाव बघू." मी त्यांच्या शेजारी, स्लिपला. पहिल्याच सामन्यात त्यांनी हाताला धरून मला तिथे आणून उभं केलं होतं.

रोहन बारावर असताना त्याच्या बॅटची कड लागून झेल थेट माझ्या हातात आला, आणि सुटला.

कुंपणापलीकडे गाडीच्या खिडकीत मुक्ता बसली होती. तिथून स्वच्छ, खणखणीत मराठी आली. "काका! बाबांना परत मागे पाठवा!"

"नाही गं," काका ओरडले. "बाबा इथंच राहणार."

जळतो मी अजूनही. आता शेजारून.